फळमाशी, अल्पमात्र प्रारण आणि उंबरठ्याचा प्रश्न

फळमाशीवर क्ष-किरण टाकून तिच्या संततीत नवे आनुवंशिक फरक उत्पन्न करता येतात, हा शोध इ. स. १९२७ चा होय. त्याचा इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे आणि त्याचे श्रेय हरमन जोसेफ म्यूलर यांस दिले जाते, ते योग्यच आहे. परंतु या शोधाच्या पोटातून दुसरा एक प्रश्न निघाला. किरणांची मात्रा कितीही अल्प केली तरी तिचा आनुवंशिक परिणाम काही ना काही उरतोच काय, की एका मर्यादेखाली तो मुळीच होत नाही? शास्त्रीय वाङ्मयात यास उंबरठ्याचा प्रश्न म्हणतात. या बाबतीतील इंग्रजी संज्ञेचाही मूळ अर्थ दाराचा उंबरठा असाच असल्याने मराठी शब्द येथे ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. तो उंबरठा आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी सुमारे वीस वर्षे असंख्य माश्यांची गणती करण्यात आली, आणि माणसाने किती प्रारण सोसावे याविषयीचे पुढील नियम बव्हंशी त्या गणतीच्या आधारावर उभे राहिले. ती गणती कशी झाली व तिच्यात नेमके काय सापडले, हे पाहण्याजोगे आहे.

टॉमस हंट मॉर्गन यांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रयोगशाळेत १९१० साली पांढऱ्या डोळ्यांची एक नर माशी आढळली, तेव्हापासून ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर ही दोन-तीन मिलिमीटर लांबीची माशी आनुवंशिकीचे मुख्य साधन बनली. तिची पिढी सुमारे दहा दिवसांत पुरी होते, गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार, आणि एका बाटलीत शेकड्यांनी संतती मिळते. अडचण एकच होती. आपोआप घडणारी उत्परिवर्तने इतकी विरळ, की एखादे सापडावे म्हणून महिनोन् महिने डोळे फोडावे लागत. म्यूलर हे मॉर्गन यांच्याच शिष्यवर्गातले. पण डोळ्यांना दिसणाऱ्या बदलांच्या मागे न लागता, ज्यांमुळे जीव जन्मतःच नाश पावतो अशा प्राणघातक उत्परिवर्तनांची मोजणी करावी, हे त्यांनी ओळखले. अशी उत्परिवर्तने संख्येने पुष्कळ अधिक असतात व ती निरीक्षकाच्या नजरेवर अवलंबून राहत नाहीत.

यासाठी त्यांनी सिद्ध केलेली सीएलबी पद्धती विलक्षण साधी आहे. एका मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर तीन खुणा असत: गुणसूत्रांची परस्पर अदलाबदल रोखणारी उलटापालट, एक अप्रकट प्राणघातक जनुक, आणि डोळा पट्टीसारखा अरुंद करणारा एक प्रकट जनुक. किरण दिलेल्या नराशी या मादीचा संकर केला की अरुंद डोळ्यांच्या कन्या निवडावयाच्या. प्रत्येक कन्येजवळ एक खुणेचे व एक पित्याकडून आलेले किरणित एक्स गुणसूत्र असते. तिच्या पुत्रांपैकी निम्मे खुणेच्या गुणसूत्रामुळे मरतातच. उरलेल्या निम्म्यांना मातामहाचे किरणित गुणसूत्र मिळते, आणि त्यावर नवे प्राणघातक उत्परिवर्तन झाले असेल तर तेही मरतात. म्हणजे ज्या बाटलीत एकही नर नाही, त्या बाटलीत एक उत्परिवर्तन घडले असे समजावयाचे. सूक्ष्म भेद पारखण्याचे काम अशा रीतीने नर आहे की नाही, एवढ्या होय-नाहीवर आले. पुढील सर्व वादातील आकडे या रिकाम्या जागेच्या मोजणीतून आलेले आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे.

टेक्सास विद्यापीठात १९२६ च्या अखेरीस म्यूलर यांनी क्ष-किरणांचे प्रयोग सुरू केले आणि २२ जुलै १९२७ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा लहानसा लेख प्रसिद्ध झाला. उत्परिवर्तनाचे प्रमाण सुमारे १५० पट वाढते, असा त्यांचा दावा होता. त्या लेखात तपशिलाची कोष्टके नव्हती. ती त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात बर्लिन येथे भरलेल्या पाचव्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेत मांडली. लेखाच्या शीर्षकात त्यांनी जनुकाचे कृत्रिम ‘ट्रान्सम्यूटेशन’ असा शब्द योजला होता. हा शब्द किमयागारांचा, हीन धातूचे सोने करणाऱ्यांचा. रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर घडविल्यानंतर तो पदार्थविज्ञानात पुन्हा प्रतिष्ठित झाला होता. ह्यूगो द व्ह्रीस यांचा साधा ‘म्यूटेशन’ हा शब्द हाताशी असता म्यूलर यांनी किमयेचा शब्द उचलला, यावरून आपल्या कार्याची तुलना कोणत्या शोधाशी व्हावी असे त्यांस वाटत होते ते कळते. लुइस स्टॅडलर यांनी त्याच सुमारास सातूवर स्वतंत्रपणे तसेच निष्कर्ष काढले. मात्र पुढे किरणांमुळे जनुक बदलतो की गुणसूत्राचा तुकडाच नष्ट होतो, याविषयी ते आयुष्यभर साशंक राहिले. त्यांची शंका निराधार नव्हती, हे नंतर पुष्कळ अंशी दिसून आले.

मात्रा व परिणाम यांचे नाते १९३० मध्ये म्यूलर यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स ऑलिव्हर यांनी तपासले. किरण देण्याचा काळ दुप्पट केला की प्राणघातक उत्परिवर्तनेही सुमारे दुप्पट होत. आलेखावरील बिंदू एका सरळ रेषेत पडले, आणि ती रेषा खाली वाढविली तर शून्याच्या दिशेने जात होती. पण तिच्यावरचा सर्वांत खालचा बिंदू सुमारे ४०० राँटगेनच्या आसपास होता. अलीकडच्या परिमाणात हे ढोबळमानाने ४ ग्रे होतात. एवढे प्रारण संपूर्ण शरीरास एकदम मिळाले तर माणूस दगावण्याचा संभव असतो. ‘अल्प’ हा शब्द त्या काळच्या प्रयोगवाङ्मयात या अर्थाने वाचला पाहिजे. त्याच वर्षी म्यूलर व पदार्थविज्ञ मॉट-स्मिथ यांनी हिशेब मांडला की निसर्गात आढळणारे प्रारण हे आपोआप घडणाऱ्या उत्परिवर्तनांचे कारण ठरण्यास कितीतरी पटींनी अपुरे आहे. पुढे या विषयात म्यूलर यांची जी आग्रही मूर्ती उभी राहिली, तिच्याशी हा निष्कर्ष तोलून पाहण्यासारखा आहे. स्वतःच्या शोधाचे महत्त्व वाढविणारे अनुमान हाती असताना त्यांनी ते गणिताने खोडून काढले.

१९३५ साली बर्लिनमध्ये तिमोफेयेफ-रेसोव्हस्की, त्सिमर व डेलब्रुक या तिघांनी या सरळ रेषेस सैद्धांतिक आधार दिला. किरणाचा एकच आघात जनुकरूपी लक्ष्यावर बसला की उत्परिवर्तन घडते, असे मानले तर परिणाम मात्रेच्या प्रमाणातच असणार व उंबरठ्यास जागा उरणार नाही. या उपपत्तीची मोहिनी मोठी होती. श्रोडिंजर यांनी १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध छोट्या पुस्तकात तिचाच आश्रय घेतला. मात्र अशी उपपत्ती प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. एकाच वेळी दिलेली मोठी मात्रा आणि तीच मात्रा महिनाभर थेंबाथेंबाने दिलेली, या दोहोंचा परिणाम सारखा होतो काय, हे पाहणे आवश्यक होते.

तो प्रयोग एका भारतीय संशोधकाने केला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. म्यूलर १९३२ मध्ये अमेरिका सोडून बर्लिन, सोव्हिएत रशिया असे फिरत १९३७ च्या अखेरीस एडिंबरो येथे आले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली एस. पी. रायचौधुरी यांनी गॅमा किरण मिनिटाला ०.०१ राँटगेन इतक्या मंद गतीने देऊन माश्यांवर प्रयोग केले. या गतीने ४०० राँटगेनची मात्रा पुरी होण्यास जवळजवळ अठ्ठावीस दिवस लागतात. तीच मात्रा सुमारे अर्ध्या तासात दिली असता जो परिणाम होई, त्याहून या मंद मात्रेचा परिणाम कमी आढळला नाही. निष्कर्ष १९३९ च्या सुमारास सिद्ध झाले. महायुद्ध मध्ये आले आणि निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून येण्यास १९४४ साल उजाडले. रायचौधुरी यांनी नंतर बनारस हिंदू विद्यापीठात गुणसूत्रविज्ञानाची मोठी परंपरा निर्माण केली. भारतात डीएनए-ठशांचे तंत्र रुजविणारे लालजी सिंह हे त्यांचेच विद्यार्थी. एडिंबरोच्या प्रयोगात तपासलेल्या गुणसूत्रांची संख्या मर्यादित होती, अशी टीका पुढे झाली. ती रास्त असली तरी इतक्या मंद गतीचा प्रयोग त्यापूर्वी कोणी केला नव्हता, हेही तितकेच खरे.

युद्धकाळात अमेरिकेत अणुबाँबची सिद्धता चालू झाली आणि या प्रकल्पात काम करणाऱ्या सहस्रावधी लोकांना दररोज थोडे थोडे प्रारण मिळणार हे उघड झाले. रॉचेस्टर विद्यापीठात जर्मनीतून आलेले कर्ट स्टर्न यांच्याकडे फळमाशीवरील संशोधन सोपविण्यात आले. त्यातून दोन निबंध निघाले व ते १९४८ च्या ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात एकापाठोपाठ छापले गेले. पहिला वॉरन स्पेन्सर व स्टर्न यांचा. त्यांनी अल्पकाळ दिलेले क्ष-किरण ४००० पासून थेट २५ राँटगेनपर्यंत खाली आणले व तेथेही सरळ रेषा टिकून राहते असे म्हटले. दुसरा अर्न्स्ट कॅस्पारी व स्टर्न यांचा. त्यांनी फलित माद्यांच्या शुक्रधानीत साठलेल्या शुक्राणूंना रेडियमचे गॅमा किरण दररोज २.५ राँटगेन याप्रमाणे २१ दिवस दिले. एकूण मात्रा ५२.५ राँटगेन झाली. येथे किरणित व अकिरणित गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अकिरणित गटात प्राणघातक उत्परिवर्तनांचे प्रमाण शेकडा सुमारे ०.२५ आणि किरणित गटात सुमारे ०.२८ होते.

या दोन आकड्यांवर थोडे थांबले पाहिजे, कारण नंतरचा सारा कलह येथूनच उद्भवतो. त्या काळच्या मोठ्या मात्रांवरून एका राँटगेनमागे दर लाख एक्स गुणसूत्रांत दोन ते तीन प्राणघातक उत्परिवर्तने होतात असे धरले जाई. त्या हिशेबाने ५२.५ राँटगेनमुळे शेकडा ०.१ किंवा त्याहून काहीशी अधिक वाढ दिसावयास हवी होती. दिसली ती ०.०३ च्या आसपास. प्रत्येक गटात पन्नास हजारांहून अधिक गुणसूत्रे तपासली होती, म्हणजे सव्वाशे-दीडशे रिकाम्या बाटल्यांची तुलना. एवढ्या संख्येत निव्वळ योगायोगाने दहा-बारांचे अंतर सहज पडते. तेव्हा ‘फरक नाही’ असे म्हणणे योग्य होते. ‘अपेक्षेइतका फरक नाही’ असे म्हणणेही बऱ्याच अंशी योग्य होते. पण ‘परिणाम शून्य आहे’ असे मात्र त्यावरून म्हणता येत नव्हते. ही तीन विधाने एकच आहेत असे समजून पुढे जे लिहिले गेले, त्याने बराच गोंधळ माजविला.

शिवाय अकिरणित गटातील ०.२५ हा आकडाच नेहमीपेक्षा मोठा होता. शुक्राणू तीन आठवडे साठून राहिल्याने त्यांच्यात आपोआप उत्परिवर्तने साचतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. कॅस्पारी यांच्या आणि स्पेन्सर यांच्या प्रयोगांत किरणांचा प्रकार, देण्याचा काळ व शुक्राणूंचे वय अशा अनेक गोष्टी भिन्न होत्या, त्यामुळे दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे खंडन झाले असे सरळ म्हणता येत नव्हते. स्टर्न यांनी डेल्टा अपहॉफ यांच्याकडून प्रयोग पुन्हा करविले. पहिल्या आवर्तनात अकिरणित गटाचा आकडा या वेळी असाधारण लहान आला आणि तुलना पुन्हा डळमळीत झाली. अखेर १९४९ मध्ये सर्व प्रयोग एकत्र विचारात घेऊन अपहॉफ व स्टर्न यांनी दीडएक पानाचे टिपण ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले: अल्प व मंद प्रारणालाही उंबरठा नाही. ज्या निष्कर्षावर पुढे राष्ट्रांचे नियम उभे राहणार होते, त्याची आधारभूत कोष्टके विस्ताराने कधीच छापली गेली नाहीत. ही त्या संशोधनातील खरी उणीव होय, आणि ती हेतूंच्या चर्चेत झाकली जाऊ नये.

हेतूंची चर्चा अलीकडची आहे. म्यूलर यांस १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले व १२ डिसेंबर रोजी स्टॉकहोम येथील व्याख्यानात त्यांनी उंबरठा नाही हा निष्कर्ष अटळ असल्याचे प्रतिपादन केले. त्यात रायचौधुरींच्या प्रयोगाचा आधार होता. तथापि कॅस्पारी यांचे हस्तलिखित स्टर्न यांनी त्यांस आधीच, नोव्हेंबरात, पाठविले होते, हे पत्रव्यवहारावरून दिसते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विषविज्ञ एडवर्ड कॅलाब्रिस यांनी २०११ पासून अनेक लेखांत असा आरोप केला की विरुद्ध पुरावा ठाऊक असता म्यूलर यांनी श्रोत्यांची दिशाभूल केली. इतरांनी याचा प्रतिवाद केला आहे. म्यूलर यांनी त्या पत्रात प्रयोग पुन्हा व्हावा अशी निकड दाखविली होती, आणि एका अप्रसिद्ध, अद्याप न पडताळलेल्या हस्तलिखितावरून आपले मत बदलण्यास कोणताही शास्त्रज्ञ बांधलेला नसतो. उपलब्ध कागदांवरून पाहता कपटाचा आरोप टिकण्यासारखा नाही. परंतु ‘अटळ’ हा शब्दही त्या दिवशी पुराव्यापेक्षा मोठा होता. ‘आजवरच्या प्रयोगांत उंबरठा आढळलेला नाही’ आणि ‘उंबरठा नाही’ या दोन वाक्यांत व्याकरणदृष्ट्या थोडेच अंतर आहे. शास्त्रदृष्ट्या ते फार मोठे आहे.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी येथे झालेल्या उदजन बाँबच्या चाचणीची राख जपानी मच्छीमार नौकेवर पडली आणि हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेर आला. मॉर्गन यांचे जुने शिष्य स्टर्टेव्हंट यांनी त्याच वर्षी जाहीर भाषणात, अशा राखेमुळे भावी पिढ्यांत दोष उत्पन्न होणारच, असे बजावले. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांच्याकडे होते. त्या परिषदेत म्यूलर यांचा निबंध मात्र वाचला गेला नाही. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने तो वगळविला होता. म्यूलर श्रोत्यांत बसले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने वॉरन वीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आनुवंशिकी समितीचा अहवाल जून १९५६ मध्ये बाहेर पडला. म्यूलर, स्टर्टेव्हंट, सीवॉल राइट, बीडल, नील, रसेल अशी मोठी नावे तीत होती. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत प्रजननपेशींना कृत्रिम प्रारण सरासरी १० राँटगेनपेक्षा अधिक मिळू नये, अशी शिफारस समितीने केली व तिच्या मुळाशी सरळ रेषाच होती. पुढच्याच वर्षी एडवर्ड ल्यूइस यांनी रक्तार्बुदाच्या बाबतीतही तीच रेषा लागू पडते असे प्रतिपादन केले. ल्यूइस हेही फळमाशीचेच अभ्यासक.

मात्र माशीवरून माणसाकडे जाण्याची वाट तितकी सरळ नव्हती. ओक रिज येथे विल्यम व लिएन रसेल आणि एलिझाबेथ केली यांनी १९५८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की तीच मात्रा मंद गतीने दिल्यास उत्परिवर्तने स्पष्टपणे कमी होतात. माशीत जे दिसले नाही ते उंदरात का दिसावे? याचे उत्तर कोणती पेशी तपासली यात आहे. म्यूलर व त्यांच्या अनुयायांनी बहुतांशी पक्व शुक्राणू किरणित केले. पक्व शुक्राणूत डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा जवळजवळ थंडावलेली असते; आघात साचत जातो, आणि तो एका तासात झाला की महिन्यात, याने फरक पडत नाही. दुरुस्ती व्हावयाची ती फलनानंतर अंड्यातील द्रव्यांकडून. रसेल यांनी तपासल्या त्या शुक्राणूंच्या जनक पेशी, ज्या सजीवपणे दुरुस्ती करीत राहतात. डीएनएच्या दुरुस्तीचे ज्ञान मुख्यतः १९६० नंतरचे. त्यापूर्वी हा भेद कोणाच्या ध्यानी येणे कठीण होते. या दृष्टीने रायचौधुरींचा निष्कर्ष त्यांनी तपासलेल्या पेशीपुरता बरोबरच होता, आणि कॅस्पारींचा निष्कर्षच स्पष्टीकरणाची अपेक्षा करतो.

जपानमधील ताकाओ कोआना व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी माशीच्या अपक्व नरपेशींवर हाच प्रयोग केला. २००७ च्या त्यांच्या निबंधात ०.२ ग्रे एवढी मात्रा मंद गतीने दिली असता प्राणघातक उत्परिवर्तने अकिरणित माश्यांहूनही कमी आढळली, आणि दुरुस्तीची क्षमता गमावलेल्या माश्यांत मात्र असा लाभ दिसला नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तथापि येथेही जुनी अडचण सुटलेली नाही. आपोआप होणारी उत्परिवर्तने दर लाखास अडीचशे आणि एका राँटगेनची वाढ दर लाखास दोन असे धरल्यास, ती वाढ संशयातीत रीतीने दिसण्यास प्रत्येक गटात सुमारे पाच कोटी गुणसूत्रे तपासावी लागतील. तेवढ्या बाटल्या कोणत्याच प्रयोगशाळेत मांडता येणार नाहीत. हिरोशिमा व नागासाकी येथील सुमारे सत्तर हजार बालकांची पाहणी करून नील व शल यांनी १९५६ मध्ये निःसंदिग्ध आनुवंशिक परिणाम आढळत नाही असे नोंदविले, आणि केरळच्या किरणोत्सर्गी वाळूच्या किनाऱ्यावरील उंदरांच्या पाहणीतही ग्र्यूनेबर्ग व सहकाऱ्यांना १९६६ मध्ये तसेच आढळले. परंतु या पाहण्यांनाही संख्येची हीच मर्यादा आहे.

म्हणून धोरणकर्त्यांनी रेषा कायम ठेवली. अमेरिकन अकादमीच्या २००६ च्या सातव्या अहवालाने प्रारणजन्य कर्करोगाच्या बाबतीत उंबरठारहित सरळ रेषाच उपलब्ध पुराव्याशी जुळते असे म्हटले. फ्रान्सच्या अकादमीने २००५ मध्ये अत्यल्प मात्रांसाठी तिच्या ग्राह्यतेविषयी शंका व्यक्त केली होती. दोन्ही अहवाल एकाच जातीचा पुरावा वाचून निघालेले आहेत. ५२.५ राँटगेनच्या त्या २१ दिवसांच्या प्रयोगाची सर्व मूळ सामग्री जशीच्या तशी राखून, पक्व शुक्राणू व त्यांच्या जनक पेशी अशा दोन्ही गटांवर, मोठ्या संख्येने पुनरावृत्ती करणे हे काम अद्याप करण्याजोगे आहे.